सहाशे फूट माती

हॅलो? … हॅलो? … कोण आहे? … मोठ्यानं बोला हो, काहीच ऐकू येत नाही. … मी नाना मास्तर, जळगावहून. … हॅलो?

काय म्हणता, रतिलाल? … उलटा धरलाय? … अरेच्चा.

हॅलो! … हां, आता कसं! बोलायचं टोक कानाला लावून बसलो होतो. एवढा वेळ जे कोणी बोलत होतं, ते माझ्या मिशांशी बोलत होतं. … कोण? … प्रमिला? अगं तू! धुळ्याहून? … काय गं, सगळं ठीक ना? रतिलालांच्या कापसाच्या जिनातला माणूस धावत आला, 'मास्तर, चला, तुमचा ट्रंककॉल', म्हणून मी एका पायात वहाण घालून आलो. दुसरी कुठं पडली ते जाताना बघेन. …

हो, हो… बोल. … मग आवाज असा का? … घाई आहे? … कुठून बोलतेस? … भाईदासभाऊंच्या तेलगिरणीतून? विचारलंस ना त्यांना? … बाजारात गेलेत. … आणि ते यायच्या आत उरकायचंय. … कळलं. मी मध्ये बोलत नाही. बोल तू. …

माती आली? … वा! मग हे हसत सांगायचं सोडून घाबरतेस काय? अगं, किती मागे लागलो होतो आपण. भाईदासभाऊंनी काय बजावलं होतं? 'आवारातल्या त्या खोलीचं मातीचं छप्पर, ते धाबं, पावसाच्या आत नीट करा, तर खोली मुलींच्या शाळेला. नाहीतर सरकीची वखार होती, ती पुन्हा सरकीची वखार.' … आणि या लढाईच्या दिवसांत छपराला पत्रे मागायला गेलं तर दुकानदार हसतो. धाब्यावर नवी माती टाकायची, चोपून बसवायची, की थेंब आत यायचा नाही. … हो, मध्ये बोलत नाही म्हणालो होतो. चुकलं. बोल. …

गाड्या उभ्या आहेत? … कुठं? … गिरणीच्या दरवाजात? … पार रस्त्यापर्यंत? … म्हणजे लोटन गाडीवान शब्दाला जागला म्हणायचा! त्याला मी सांगितलं होतं, गावातल्या सगळ्या गाड्या जुंप, पण माती एका दिवसात पडली पाहिजे. … बैल दरवाजातच बसलेत? … आणि भाऊंचा टांगा आत कसा येणार… हं. हे मात्र खरंय. …

किती गाड्या म्हणालीस? … सतरा वर चढवून झाल्या. आणि दारात? … तेरा. … सतरा आणि तेरा, तीस. मग बरोबर आहे! अगदी बरोबर आहे. एका गाडीत वीस फूट माती मावते, तीस गाड्यांत सहाशे. … नाही गं, जास्त कशी होईल? आखाजीच्या सणाला मी आलो होतो, तेव्हा तुझ्यासमोर तर हिशेब केला. तुझ्या शाळेतल्या मुली झोके सोडून आल्या, दोरीनं खोली मोजली, मी जमिनीवर काठीनं आकृती काढली. लांबी तीस फूट, रुंदी वीस. तीस गुणिले वीस, सहाशे. लोटन तिथंच उभा होता. त्यानं विचारलं, 'नाना, किती फूट माती टाकू?' मी म्हटलं, ऐकलंस ना? सहाशे. …

गुडघाभर? … कुठं गुडघाभर? … मध्यावर असेल गं, पसरायची राहिली असेल. … कोण विचारतं? … झुंबर? ती लहानखुरी, फळ्याला नाक लावून वाचते ती? … काय विचारते? … 'एवढी माती कशाला?' … शाबास! आणि तू काय सांगितलंस? … 'नानांनी सांगितली म्हणून'? … छे, छे, प्रमिला. असं उत्तर मुलांना द्यायचं नसतं. तू माझ्यापुढे बसायचीस तेव्हा मी कधी दिलं होतं का असं? … मग! समजावून सांगायचं. …

अगं ऐक ना. आत्ता सांगतो, तसं जाऊन तिला सांग. … भाऊ यायला वेळ आहे अजून. ऐक. … आईनं वड्या थापायला तबक घेतलं. … तबक, तबक. चौकोनी. … आता ते तबक केवढं, हे सांगायला काय लागेल? लांबी आणि रुंदी. दोन मापं. त्यांचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ, आणि ते चौरस फुटांत. फुटाफुटाच्या फरशा शेजारी शेजारी मांडल्या तर किती बसतील, एवढंच ते सांगतं. … हं. आता आईनं विचारलं, या तबकाला पीठ किती लागेल? … नुसत्या तबकाकडे बघून सांगता येईल का? … नाही. का नाही? … बरोब्बर! वडी जाड हवी की पातळ, ते आधी ठरायला हवं. तबक तेच, पण दोन बोटं जाड थापली तर पीठ कितीतरी जास्त. म्हणून तिसरं माप लागतं. लांबी, रुंदी आणि जाडी. तिन्हींचा गुणाकार म्हणजे घनफळ, ते घनफुटांत. पीठ, पाणी, धान्य, माती, जे जे म्हणून जागा भरतं, ते सगळं घनफुटांत. … तेव्हा तिला म्हणावं, आपल्या धाब्याची लांबी तीस, रुंदी वीस, आणि जाडी…

… जाडी…

…

हो. आहे. आहे मी.

प्रमिला, जाडी किती धरली होती आपण? … नाही, तू विसरली नाहीस. धरलीच नव्हती. … अगं, सहाशे हे तबक होतं! मी लोटनला तबक सांगितलं आणि तो तेवढं पीठ घेऊन आला. सहाशे चौरस फुटांच्या धाब्यावर सहाशे घनफूट माती… म्हणजे एक फूट जाड थर! … तीन इंच. दर साली तीन इंच टाकतात. धुळ्यातलं शेंबडं पोर सांगेल. …

मुली कुठं आहेत?

… शाळेत म्हणजे कुठं? मे महिन्यात कसली शाळा… हो, हो, कापूस वेचणीला सुट्टी दिली होतीस, ती आता भरून काढतेयस. … म्हणजे खोलीत. … त्याच धाब्याखाली. … आत्ता? …

ऐक. घाबरू नकोस, मी घाबरलोय तेवढं पुरे. पळत जा. मुलींना बाहेर काढ, पार चिंचेखाली ने. आणि धाब्यावरच्या गड्यांना सांग, खाली उतरा, आणखी एक पाटीसुद्धा… बोलत काय बसलीस! पळ! … फोन? फोन टेबलावर ठेव तसाच, जागेवर ठेवू नकोस. मी कुठं जात नाही. …

प्रमिला? …

गेली.

पाणी द्या हो, रतिलाल. … नाही, कुणाला काही झालं नाही. अजून. … काय सांगू? धुळ्याच्या एका खोलीवर मी हत्ती चढवलेत. … अहो, हसू नका. घनफूट मातीचं वजन मणभर तरी धरा. सतरा गाड्या म्हणजे साडेतीनशे मणांच्या आसपास माती वर गेलीय, आणि खाली पोरी पाढे म्हणतायत. … चुकलो कसा? सांगू का? मुलींना विचारलं, तीस गुणिले वीस किती, तर सगळ्या एका सुरात ओरडल्या. तुम्हाला ठाऊक आहे माझं. मुलं बरोबर उत्तर देऊन ओरडली की मी लोण्यासारखा विरघळतो. पुढचा प्रश्न विचारायचा होता, तो त्या लोण्यात बुडाला. … आणि हाच मी, रतिलाल! जन्मभर चौथीच्या मुलांना 'चौरस' लिहायचं राहिलं की अख्ख्या उदाहरणाला शून्य देत आलो. त्यातली किती पोरं अजून रस्ता बदलून जातात. जाऊ देत. आता कुणी भेटलं तर मीच बदलेन. …

कोण? … ऑपरेटर? … वेळ संपली? नाही, नाही, तोडू नका! … पलीकडे बाई नाहीत, म्हणून तर म्हणतो तोडू नका. … हो, पुढची वेळ द्या. … पैसे धुळ्याच्या गिरणीवर नको हो, ते आधीच… माझ्यावर लावा, जळगावला. … अहो साहेब, लहान मुली आहेत धाब्याखाली. … हं. … फार उपकार झाले. …

ती खिडकी लावा ना, रतिलाल. काहीतरी ऐकू येतंय. … कोणीतरी ओरडतंय. … बाईचा आवाज आहे. …

हॅलो! प्रमिला? … आल्या? सगळ्या? … मोजल्यास? … अंदाजानं नको, नाव घेऊन मोज. खिडकीतूनच घे नावं. … हं… हं… भिकी? भिकी कुठंय? … परत आत गेली? कशाला? … पाटी राहिली म्हणून? … अगं, पाटी जाऊ दे चुलीत! हाक मार तिला! … मारतेस, हो, माझ्या कानातच मारतेस, चालेल, मार! …

…

आली? … पाटी घेऊन? … हुश्श. … नाही, रागावू नकोस तिला. … बरं, थोडी रागाव. …

हा कसला आवाज? मलासुद्धा ऐकू आला. … तुळई? … मधली? … तुटली? … चीर गेली. वाकलीय, पण धरून आहे. … वर कोणी आहे? … आत? … कोणीच नाही. मग काय होईल ते होऊ दे. … नाही, होऊ नये. खोली पडली तर शाळाच पडली. … रडू नकोस. अगं ऐक ना. आधी मधला ढीग उतरवायचा, मग दोन्ही बाजूंनी सारखी… थांब, थांब. मी काय सांगतोय! माझं ऐकू नकोस. माझं ऐकूनच हे झालंय. … झिपरू गवंडी आहे ना तिथं? तो म्हणेल तसं करा. …

कोण आलं? … भाईदासभाऊ? … टांगा रस्त्यात सोडून, बैलांमधून वाट काढत… चेहरा कसा आहे? … तसा? … दे फोन त्यांच्याकडे. … दे गं. तू एक शब्द बोलायचा नाहीस. …

नमस्कार, भाईदासभाऊ. मी नाना. … हो, तोच तो. … हो. … हो. … हेही बरोबर आहे. … नाही, तुम्ही गाढव म्हणाला नाहीत, तेवढी भर मी मनातल्या मनात घातली. … चूक माझी, भाऊ. प्रमिलाची नाही, आणि लोटनची तर मुळीच नाही. तो माझाच विद्यार्थी. जाडी विसरायला माझ्याकडेच शिकला. … तुळई मी भरून देईन. सागाची देईन. … तुमचे खांब लावताय टेकू म्हणून? … बरं केलंत. …

नाही, शाळा बंद असं म्हणू नका. … भाऊ, ऐका ना. तुमची सरकी कुठंही राहील. या मुलींना अख्ख्या धुळ्यात कुणी खोली देईना, तेव्हा तुम्ही दिलीत. … हो, पस्तावलात. दिसतंय. … नाही, दिसत कुठून, ऐकू येतंय. … बोला, भाऊ. मी धरून आहे फोन. …

मातीचं काय करू म्हणता? … ती सूचना तुमची चांगली आहे, पण माझ्या डोक्यावर तीस गाड्या मावायच्या नाहीत. … भाऊ, एक विचारू? तुमच्या राहत्या घराचं धाबं झालं का यंदा? … नाही? … आणि गिरणीच्या कचेरीचं? … तेही गळतं? तुमच्याच गादीवर? … अहो, मग माती तर दारात आलीय! सोनगीरकडची खारी माती, धाब्याला याहून चांगली मिळायची नाही. … मोबदला कसला? गाडीभाडं माझं, चूक माझी, माती तुमची. … किती धाबी होतील? ते आत्ता सांगतो, एकूण सहाशे, त्यातून…

… खरंय. … अगदी खरंय. मी नाही सांगत. मी सांगायचं आणि तुमच्या घरावर उरलेले हत्ती चढायचे. … मग कोण करणार? मुलींना विचारा. … हो, पोरींनाच. 'एवढी माती कशाला' हा प्रश्न आज तुमच्या आवारात एकाच माणसाला सुचला, आणि ते माणूस नऊ वर्षांचं आहे. … अट? … बोला. … बरोबर सांगितलं तर खोली त्यांची. … आणि चुकल्या तर सरकी. …

… कबूल. बोलवा झुंबरला.

काय हो रतिलाल, असे काय बघता? … नाही, मी तिला हे कधीच शिकवलेलं नाही. आता शिकवणार. फोनवर. …

हॅलो, कोन शे? … झुंबर शे का? … भ्याऊ नको, माय. … भाऊ नेहमी तसेच बघतात. तू माझ्याशी बोल. … वड्यांचं तबक तुला बाईंनी सांगितलं? … नाही सांगितलं? वेळ कुठं मिळाला म्हणा. … बरं. जमिनीचं माप घ्यायला काय काय लागतं? … लांबी, रुंदी. आणि मातीचं माप घ्यायला? … नुसती लांबी-रुंदी? … तुला माती गुडघाभर दिसली म्हणालीस ना? मग गुडघा कुठं गेला? … हां! जाडी. ते तिसरं. दोन मापांचे चौरस फूट, तीन मापांचे घनफूट. …

आता तुमच्या धाब्यावर तीन इंच माती टाकायचीय. तीन इंच म्हणजे फुटाचा कितवा हिस्सा? … पाव. आणि धाबं सहाशे चौरस फूट. सहाशेचा पाव? … दीडशे. दीडशे काय? … का घनफूट? … माती शे म्हणून. बरं शे. … एकूण आली सहाशे घनफूट. मग उरली? … साडेचारशे. …

आता जरा अवघड. गिरणीत पेंडीच्या चकत्या एकावर एक रचतात, पाहिल्यास ना? … तसा मातीचा एक ठोकळा धर. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. त्याच्या तीन-तीन इंच जाड चकत्या कापल्या, तर किती निघतील? … नाही, मी सांगणार नाही. … थांबतो ना. वेळ घे. …

कोण? … ऑपरेटर, पुन्हा तुम्ही? … अहो, एवढ्यात नको. ती कापतेय. … ठोकळा. … तुम्हीही ऐकताय? मग बोलू नका, तुमच्या तोंडून उत्तर निसटेल. …

चार! … चार चकत्या. त्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या तर किती जागा झाकली? … चार काय? … चौरस फूट. म्हणजे एक घनफूट माती चार चौरस फूट धाबं झाकते. मग साडेचारशे? … पाटीवर कर. … भिकीची घे, तिनं जिवावर उदार होऊन आणलीय. … भाऊ काय करतायत? … बोटं मोजतायत? मोजू देत. तू तिकडं बघू नको. …

…

किती व्हयनं? … अठराशे. … अठराशे काय, झुंबर? … घनफूट ना? … नाही? … मी म्हणतो, घनफूट. … तरी नाही? नाना म्हणतात तरी? … मग का नाही ते मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. …

… 'घनफूट माती, चौरस फूट धाबं.' …

भाऊ आता काय करतायत? … दारात जाऊन लोटनला ओरडतायत? काय ओरडतायत? … 'पहिली गाडी माझ्या घराकडं वळव.' … आणि खोलीचं? … खोलीचं काय म्हणाले ते नीट ऐक, माय. … बाईंना सांगितलं, तुळई बदलेपर्यंत मुलींना आमच्या ओसरीवर बसवा, नंतर न्या खोलीत. … पुन्हा सांग एकदा. … बरं शे. … नाही, रडत नाही गं, ही फोनची तार खरखरते. …

हॅलो? … हो, भाऊ. … हो, ऐकलं. … कशी आहे पोरगी? … मी काय म्हणत होतो? … उद्या? उद्या येतो ना. सकाळच्या मोटारीनं निघतो. तुमच्या घराचं धाबं, कचेरीचं धाबं, दोन्ही स्वतः मोजून… … मी नको? … मग कोण मोजणार? … झुंबर आणि भिकी. … आणि हिशेब? … तोही त्याच. … मग भाऊ, मी एवढ्या लांबून कशाला येऊ? …

… हं. … हं. … नाही, राग कसला? योग्यच आहे. … हो, घट्ट धरीन. … हलू देणार नाही. … हॅलो? … हॅलो, भाऊ? …

तुटला. …

रतिलाल, धुळ्याची पहिली मोटार कितीला सुटते? … हो, जावं लागेल. … काम तसं जोखमीचं आहे. मुली धाब्यावर चढून मोजणार, आणि मी खाली शिडी धरायची.